गुडघा तर टेकला होता : बॉक्सिंगमधल्या रिप्लेबद्दल

निळाकोपरा (धागाकर्ता)

१ मार्च २०२५ ची ब्रुकलिनमधली डेव्हिस विरुद्ध रोच ही लढत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे आणि दर वेळी नवव्या राउंडपाशी अडकलो आहे. जर्वोन्टा डेव्हिस स्वतःहून एक गुडघा टेकतो, उठतो, आपल्या कोपऱ्याकडे जातो आणि दोरांपलीकडून टॉवेलने चेहरा पुसून घेतो. रेफरी स्टीव्ह विलिस दहापर्यंत मोजायला लागतात आणि मध्येच मोजणी सोडून देतात. नॉकडाउन, म्हणजे बॉक्सर खाली गेल्याची नोंद, दिला जात नाही, लढत पुढे चालू राहते.

केसांना लावलेलं काहीतरी डोळ्यात गेलं, असं डेव्हिसने नंतर सांगितलं. गेलंही असेल. पण डोळ्यात काही गेलं म्हणून लढत थांबवायचा अधिकार बॉक्सरला नसतो. राउंड चालू असताना गुडघा टेकला की मोजणी व्हायला हवी.

आता गुणपत्रकं बघा. दोन जजांनी ११४-११४ दिले, तिसऱ्याने डेव्हिसला ११५-११३. लढत बरोबरीत सुटली आणि विजेतेपदाचा पट्टा डेव्हिसकडेच राहिला. त्या गुडघ्याचा एक गुण कापला असता तर दोन पत्रकांवर लॅमॉन्ट रोच एका गुणाने पुढे गेला असता आणि लाइटवेट विजेता म्हणून घरी गेला असता.

मला सर्वात जास्त लागलं ते पुढचंच. लढतींवर देखरेख करणाऱ्या न्यूयॉर्कच्या आयोगाकडे रिप्ले बघायची सोय होती. तांत्रिक अडचणीमुळे चित्रण वेळेत मिळालं नाही, म्हणून रेफरीचा निर्णय कायम राहिला, असं नंतर कळलं. म्हणजे घरी टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाने तो गुडघा तीन-चार वेळा पाहिला आणि ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनाच तो परत बघता आला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बॉक्सिंगमध्ये दोन प्रकारचे निर्णय असतात. गुडघा टेकला की नाही, भुवई ठोशाने फुटली की डोकं लागून, ठोसा घंटेच्या आधी बसला की नंतर, हे 'काय घडलं' या जातीचे प्रश्न आहेत. कॅमेऱ्याला त्यांची उत्तरं बहुतेक वेळा देता येतात. राउंड कोणाचा, लढत आत्ता थांबवावी का, हे 'काय वाटतं' या जातीचे. पहिल्या जातीच्या प्रत्येक निर्णयाला रिप्ले हवा आणि त्याच रात्री हवा. दुसऱ्याला अजिबात नको.

तुम्हाला काय वाटतं?

---

डावखुरा

धागा चांगला आहे, पण मी विरोधात आहे. कारणं देतो.

बॉक्सिंगमध्ये विश्रांतीला किंमत असते. तीन मिनिटांचा राउंड आणि एक मिनिट स्टूलवर, यावर अख्खा खेळ उभा आहे. हादरलेल्या बॉक्सरला वीस सेकंद जास्त मिळाले तर तो वेगळाच माणूस होऊन परत येतो. क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाने दोन मिनिटं घेतली तर फलंदाज पाणी पितो, बाकी काही बदलत नाही. इथे दोन मिनिटांत लढतीचा निकाल बदलतो.

आणि रिप्ले म्हणजे झटपट न्याय, हाही भ्रम आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लास व्हेगासला जोशुआ फ्रँको आणि अँड्र्यू मोलोनी यांची दुसरी लढत झाली. पहिल्याच राउंडमध्ये फ्रँकोचा उजवा डोळा सुजायला लागला आणि रेफरी रसेल मोरा यांनी तो डोकं लागून सुजला असं ठरवलं. दुसऱ्या राउंडनंतर डॉक्टरांनी लढत थांबवली. मोलोनीचं म्हणणं होतं की डोळा त्याच्या जॅबने (सरळ, झटकन मारलेल्या ठोशाने) बंद झाला. तसं असतं तर तो जिंकला असता आणि पट्टाही त्याचा झाला असता. मग रिप्ले सुरू झाला, तो सव्वीस मिनिटं चालला. सव्वीस मिनिटं! दोघे बॉक्सर उभे, प्रवर्तक आरडाओरडा करतायत, आणि शेवटी रेफरीचाच निर्णय कायम. लढत निकालाविना संपली.

हे हवंय का आपल्याला?

---

निळाकोपरा

डावखुरा, सव्वीस मिनिटं लाजिरवाणीच होती, मान्य. पण ती लढत आधीच थांबलेली होती. कोणाला विश्रांती मिळायचा प्रश्न तिथे नव्हता, वेळ गेला तो प्रेक्षकांचा आणि वाहिनीचा. शिवाय तिथे चूक कुठे झाली बघा. रेफरीने डोकं लागल्याचं जाहीर केलं तेव्हाच, पहिल्या आणि दुसऱ्या राउंडच्या मधल्या मिनिटात, कोणी तरी चित्रण बघायला हवं होतं. सूज आली तेव्हा बघितलं नाही, लढत संपल्यावर शोधाशोध सुरू केली.

---

रिंगडॉक

मी डॉक्टर आहे. हौशी स्पर्धांमध्ये रिंगच्या बाजूला बरीच वर्षं बसले आहे, म्हणून भुवईच्या जखमेबद्दल थोडं सविस्तर लिहिते. या चर्चेचा अर्धा भार त्या जखमेवर आहे.

भुवईखाली कवटीच्या हाडाची कड असते. वर पातळ कातडी, खाली हाड. ग्लोव्हचा ठोसा तिरका बसला किंवा समोरच्याचं कपाळ आदळलं तर दोन्ही वेळा कातडी त्या कडेवर दाबली जाऊन फाटते. नंतर जखम बघून कारण छातीठोकपणे सांगता येत नाही. 'डोक्याची जखम खडबडीत आणि ठोशाची सरळ' असं काही जण म्हणतात. माझा अनुभव असा की त्यावर कोणाचा पट्टा ठरवू नये. रेफरी मला विचारतो तेव्हा मी एवढंच सांगते की पुढे लढू द्यायला हरकत आहे की नाही. जखम कशाने झाली हे मी बघितलेलं नसतं. दोघांची डोकी एकमेकांत अडकलेली असतात आणि मी खुर्चीवर खाली बसलेली असते.

आणि नियमात मात्र सगळं त्या कारणावरच टांगलेलं आहे. ठोशाने झालेल्या जखमेमुळे लढत थांबली तर जखमी बॉक्सर तांत्रिक नॉकआउटने हरतो. चुकून डोकं लागून झाली असेल तर चार राउंड पूर्ण व्हायच्या आत निकालच नाही, चार झाल्यावर गुणपत्रकं मोजायची. एकाच जखमेला तीन निकाल! इतकी मोठी गोष्ट एका माणसाच्या एका क्षणाच्या नजरेवर सोडायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

मे २०२५ मध्ये सॅन दिएगोला नेमकं हेच झालं. एमानुएल नवारेतेची भुवई सहाव्या राउंडमध्ये फुटली. रेफरीने सांगितलं, डोकं लागलं. आठवा सुरू होताच लढत थांबली, गुणपत्रकं मोजली आणि नवारेते जिंकला. चित्रणात दिसत होतं की चार्ली सुआरेझचा ठोसा बसला होता. सुआरेझ तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. तोवर एकही लढत हरलेला नव्हता आणि जगज्जेतेपदाची ही त्याची पहिली संधी. पुढे कॅलिफोर्नियाच्या आयोगाने निकाल बदलला, पण बदलून काय केला, तर लढत निकालाविना! पट्टा नवारेतेकडेच राहिला.

एक गोष्ट मात्र लाल अक्षरांत लिहावीशी वाटते. बॉक्सर धोक्यात आहे म्हणून रेफरीने किंवा डॉक्टरने लढत थांबवली, तर तो निर्णय कुठल्याही कॅमेऱ्याने परत फिरवायचा नाही. रेफरीच्या मनात 'नंतर व्हिडिओत मी घाई केली असं दिसेल' ही भीती शिरली की तो एक सेकंद थांबेल, आणि त्या एका सेकंदात काय होतं ते मी बघितलं आहे.

---

सातवीफेरी

रिंगडॉक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पूर्ण पाठिंबा. १७ मार्च १९९० ला चावेझ-टेलर लढत संपायला दोन सेकंद उरले असताना रिचर्ड स्टील यांनी थांबवली. मेल्ड्रिक टेलर गुणांवर पुढे होता. ते दोन सेकंद आजही हजार वेळा दाखवले जातात आणि हजार वेळा भांडण होतं. स्टील यांना टेलरच्या डोळ्यांत काय दिसलं ते कुठल्याच कोनातून सापडणार नाही. तिथे रिप्लेचं काही काम नाही.

पण मला हौशी बॉक्सिंगबद्दल बोलायचं आहे, कारण व्हिडिओ बघून निकाल बदलण्याचा प्रयोग तिथे खूप आधी झाला आणि त्यात आपला माणूस पोळला.

लंडन २०१२. विकास कृष्ण विरुद्ध अमेरिकेचा एरल स्पेन्स. विकास १३-११ ने जिंकला. आम्ही घरात नाचलो. काही तासांनी बातमी आली की अमेरिकेने दाद मागितली, समितीने चित्रण बघितलं आणि निकाल १५-१३ ने स्पेन्सकडे गेला. कारण काय, तर तिसऱ्या राउंडमध्ये विकासने नऊ वेळा पकडून ठेवलं आणि दुसऱ्या राउंडमध्ये मुद्दाम तोंडातलं गमशील्ड (दातांचं कवच) टाकलं. रेफरीने निदान दोन ताकिदी द्यायला हव्या होत्या आणि त्यांचे चार गुण स्पेन्सला मिळायला हवे होते. अकरा अधिक चार, पंधरा.

मला तेव्हा भयंकर राग आला होता. आज शांतपणे बघितलं तर गमशील्ड टाकणं ही घटना आहे, ते दिसतं किंवा दिसत नाही. पण 'नऊ वेळा पकडलं' हा रेफरीच्या तारतम्याचा भाग आहे. पकडणं प्रत्येक राउंडमध्ये होतं, कधी बोलायचं आणि कधी सोडायचं हे रिंगमध्ये उभा असलेला ठरवतो. रिंगबाहेर बसून सगळ्या मिठ्या मोजायच्या ठरवल्या तर कोणतीही लढत उलटवता येईल. आणि ताकीद तेव्हाच दिली गेली असती तर विकास पुढे वेगळा लढला नसता का? त्याला माहीतच नव्हतं की तो मागे आहे.

याच स्पर्धेत उलट उदाहरणही आहे. जपानच्या सातोशी शिमिझूने अझरबैजानच्या बॉक्सरला तिसऱ्या राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं आणि तरी गुणांवर तो हरला! रेफरीने मोजणीच दिली नाही. तिथे दाद मागितल्यावर निकाल फिरला, रेफरीला स्पर्धेतून काढलं, आणि शिमिझूने पुढे कांस्यपदक मिळवलं. सहा वेळा पडलेला माणूस दिसायला समिती कशाला लागते, पण लागली. व्हिडिओ नसता तर?

निळाकोपरा, तुमची विभागणी या दोन लढतींवर लावून बघा. शिमिझूला बरोबर लागू पडते. विकासच्या बाबतीत अर्धीच.

---

कुतूहल२१

मी बॉक्सिंगची नवखी प्रेक्षक आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. कुस्तीत प्रशिक्षक मॅटवर तो मऊ ठोकळा टाकून दाद मागतो आणि दाद फेटाळली तर समोरच्याला एक गुण मिळतो. तसं बॉक्सिंगमध्ये का नाही? मेरी कोमच्या वेळी पिवळं कार्ड दाखवलं होतं ना आपण?

---

सातवीफेरी

प्रश्न अजिबात बाळबोध नाही. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत, उलान-उदेला, मेरी कोम उपांत्य फेरीत तुर्कीच्या बॉक्सरकडून १-४ ने हरली. भारताने दाद मागितली, पण ती ऐकूनच घेतली गेली नाही. नियम असा होता की निकाल ३-२ किंवा ३-१ असेल तरच दाद मागता येते. चार जज एका बाजूला म्हणजे वाद नाही, असा हिशेब.

पण ही दाद राउंड कोणाचा याबद्दलची होती, म्हणजे धागाकर्त्याच्या दुसऱ्या जातीतली. जज बघतो काय आणि त्याला वाटतं काय, याची फेरतपासणी करायला दुसरे जजच बसवावे लागतात. त्यापेक्षा मुळात चांगले जज बसवा.

---

जुनापंच

बरेच दिवस वाचत होतो, आज लिहितो. हौशी लढतींत मी रेफरी म्हणून बरीच वर्षं काम केलं. आता गुडघे साथ देत नाहीत.

रेफरीला काय दिसतं ते इथे कोणी लिहिलं नाही. आम्हाला शिकवतात की दोघांच्या मधल्या रेषेला काटकोनात, त्रिकोणाचं तिसरं टोक होऊन फिरत राहा. दोघे जवळ आले की एकाची पाठ किंवा खांदा तुमच्या आड येतोच. तुम्ही सरकेपर्यंत ठोसा मारून झालेला असतो. तेव्हा आवाज ऐकून, शरीर कसं वाकलं ते बघून निर्णय द्यावा लागतो. ग्लोव्ह आणि कपाळ यांचा आवाज वेगळा असतो, पण हजारो लोक ओरडत असताना तोही ऐकू येत नाही.

माझ्या हातून एकदा झालं आहे. एका मुलाची भुवई फुटली, मी डोकं लागल्याची खूण केली. लढत संपल्यावर एका पालकाने मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. स्वच्छ ठोसा होता. निकाल लागून गेला होता, तक्रार करायची मुदतही संपली होती. तो मुलगा मला काही बोलला नाही, नमस्कार करून गेला. मी त्या रात्री झोपलो नाही आणि आजही तो राउंड डोळ्यांपुढे येतो. कोणी मला साठ सेकंदांच्या विश्रांतीत बोलावून 'हे बघा' म्हणालं असतं तर मी त्याचे उपकार मानले असते. रिप्लेने रेफरीचा अपमान होतो असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मात्र कॅमेऱ्याला सगळं दिसतं हेही खरं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये उसिक आणि डुबोआ लढले. पाचव्या राउंडमध्ये डुबोआचा ठोसा उसिकच्या ट्रंकच्या (बॉक्सरच्या चड्डीच्या) पट्ट्याच्या आसपास बसला आणि उसिक खाली गेला. रेफरी लुईस पबोन म्हणाले, कमरेखाली. उसिकला सावरायला वेळ मिळाला, पुढे नवव्या राउंडमध्ये त्याने डुबोआला संपवलं. तो ठोसा सगळ्या जगाने संथ गतीत पाहिला. अर्धे म्हणाले नियमात, अर्धे म्हणाले बाहेर. डुबोआच्या बाजूने दाद मागितली, ती फेटाळली. कमरेची रेषा बेंबीपाशी धरायची, पण ट्रंक वर ओढलेली असते आणि माणूस वाकलेला असतो. संथ गतीमध्ये आणखी एक फसवणूक होते. जोर दिसत नाही. हलका स्पर्श आणि जीव काढणारा ठोसा दोन्ही सारखेच वाटतात.

म्हणून माझं मत : चित्रणात चूक ढळढळीत दिसली तरच निर्णय फिरवा. शंका असेल तर रेफरीचा निर्णय राहू द्या. क्रिकेटवाले याला 'अंपायर्स कॉल' म्हणतात, तीच गोष्ट. १९९२ मध्ये डर्बनला सचिन तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज ठरला, तेव्हा केवढी चर्चा झाली होती! आज धावबादसाठी तिसऱ्या पंचाकडे जाण्याबद्दल कोणी तक्रार करतं का?

---

डावखुरा

जुनापंच, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी थोडा हललो आहे, हे कबूल करतो. जखमेच्या बाबतीत रिप्ले हवा, माझा विरोध मागे.

पण नॉकडाउनच्या बाबतीत एक गाठ सुटत नाही. समजा नवव्या राउंडमध्ये रेफरीने मोजणी दिली नाही. विश्रांतीत चित्रण बघितलं आणि नॉकडाउन धरला. गुण कापला, ठीक. पण मोजणी तर झालीच नाही! खाली गेलेल्याला मोजणीचे निदान आठ सेकंद मिळाले नाहीत, पाडणारा तटस्थ (दोघांपैकी कोणाचाच नसलेल्या) कोपऱ्यात गेला नाही. १९२७ मध्ये शिकागोला डेम्प्सी तटस्थ कोपऱ्यात गेला नाही म्हणून रेफरीने मोजणी उशिरा सुरू केली आणि टनीला दहाऐवजी सुमारे चौदा सेकंद मिळाले. टनी उठला आणि पुढे लढत जिंकला. जवळजवळ शंभर वर्षं लोक त्या चार सेकंदांवर भांडतायत. मोजणी ही नुसती गुणांची नोंद नाही, त्याने लढतच बदलते. कागदावर मागाहून दिलेला नॉकडाउन खरा नॉकडाउन कसा?

---

निळाकोपरा

या धाग्यावरचा सर्वात अवघड प्रश्न हाच आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. हरवलेली मोजणी परत देता येत नाही. पण गुण देता येतो आणि दोन्ही कोपऱ्यांना, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांना, सांगता येतं. डेव्हिसच्या कोपऱ्याला दहावा राउंड सुरू व्हायच्या आधी कळलं असतं की एक गुण गेला, तर त्यांनी त्याला उरलेल्या तीन राउंडमध्ये जास्त आक्रमक लढायला लावलं असतं. रोचच्या कोपऱ्यालाही त्यांचा माणूस कुठे उभा आहे ते कळलं असतं. सातवीफेरी विकासबद्दल म्हणाले तेच, त्याला माहीत नव्हतं. घंटेच्या आत सांगितलं की दोघांना नव्या आकड्यावर लढता येतं. तीन आठवड्यांनी सांगितलं की फक्त कागद बदलतो.

उशिरा सांगण्याची किंमत बघायची असेल तर १७ जून २०१७ ची लास व्हेगासची रात्र घ्या. रिगोंदोने पहिल्या राउंडच्या शेवटी फ्लोरेसला ठोसा मारून पाडलं. ठोसा घंटेनंतर बसला होता. तिथे चित्रण बघितलंही, तरी रिगोंदोला नॉकआउटने विजयी घोषित केलं! पुढे आयोगाने तो निकाल रद्द केला. घंटा वाजली की नाही यापेक्षा सोपा प्रश्न कॅमेऱ्याला दुसरा नसेल, आणि तोही त्या रात्री नीट सुटला नाही. त्याच कार्यक्रमातल्या मुख्य लढतीत वॉर्डने कोव्हालेव्हला आठव्या राउंडमध्ये थांबवलं. शेवटचे ठोसे कमरेखाली होते, असं कोव्हालेव्हचं म्हणणं. तो निकाल राहिला. जुनापंच म्हणाले तसा तो उसिकच्या जातीतला प्रश्न, मी तो रेफरीकडेच ठेवीन.

म्हणजे माझ्या विभागणीत मला एक दुरुस्ती करावी लागणार. कमरेखालचा ठोसा मी 'काय घडलं' मध्ये धरत होतो. आता धरणार नाही.

---

रिंगडॉक

कोणी बघायचं, हे अजून ठरलेलं नाही. रेफरीने स्वतः पडद्याकडे जाऊन बघू नये. दोन राउंडच्या मधलं ते मिनिट त्याने दोन्ही बॉक्सरांकडे बघण्यात घालवायचं असतं, कोण अडखळतोय, कोणाच्या डोळ्याची बाहुली मोठी झाली. पडद्यासमोर वेगळा, रेफरीचं काम केलेला माणूस बसवा. जखम झाली किंवा कोणी खाली गेलं की त्याने रेफरीने विचारायची वाट न बघता लगेच मागचं चित्रण काढायचं. फ्रँकोच्या वेळी वेळ गेला तो यातच.

---

जुनापंच

बरोबर. आणि त्या माणसाकडे वाहिनीचा एकच मुख्य कॅमेरा नको, चारही बाजूंची चित्रं हवीत. जजसुद्धा एकाच बाजूला बसवत नाहीत, ते याच कारणाने.

---

कुतूहल२१

पण ज्या लढती टीव्हीवर दाखवतच नाहीत त्यांचं काय? मोठ्या लढतीच्या आधी रिकाम्या खुर्च्यांसमोर चार-चार, सहा-सहा राउंडच्या लढती होतात. तिथेही भुवया फुटतातच ना?

---

जुनापंच

फुटतात, आणि तिथे रेफरीही बहुधा नवखा असतो. माझ्या त्या मुलाची लढत अशीच होती. चार खांबांना चार साधे कॅमेरे आणि टेबलावर एक लॅपटॉप, एवढ्यात काम भागतं, त्यासाठी वाहिनी लागत नाही. त्या दिवशी पालकाच्या मोबाइलवर जे स्वच्छ दिसत होतं, ते माझ्या टेबलावर नव्हतं.